भुकेची कैफियत

गेल्या वर्षी आमच्या थोरल्या बंधूंना मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले, त्या वेळी त्यांच्या डॉक्टरांनी पथ्याचा तक्ता हाती देण्यापूर्वी त्यांच्याकडून एक निराळेच काम करवून घेतले. एक वही घालावी, दिवसातून जितक्या वेळा तोंडात काही जाईल तितक्या वेळा तिच्यात नोंद करावी, आणि नोंद पदार्थाची व वेळेची तर करावीच, पण तिच्या शेजारी त्या क्षणी पोटात भूक किती होती तेही दहापैकी आकड्यात लिहावे, असे ते काम होते. दादांची उभी हयात जिल्हा कोषागारात गेलेली असल्यामुळे नोंदीत कसूर होण्याचा संभव नव्हता. पंधरा दिवसांनी ती वही मी पाहिली. पट्टीने आखलेले चार रकाने आणि खाली बारीक, सुबक अक्षर: सकाळी सहा वाजता चहा व दोन बिस्किटे, भूक शून्य, साडेआठला पोहे, भूक तीन, अकराला पाहुण्यांबरोबर चहा आणि चिवडा, भूक शून्य, साडेबाराला जेवण, भूक दोन, चारला पुन्हा चहा आणि खारी, भूक एक, रात्री नऊला जेवण, भूक चार, निजण्यापूर्वी डब्यातला बेसनाचा लाडू, भूक शून्य. दिवसाकाठी सात वेळा अन्न पोटात जात होते, आणि भुकेचा आकडा पाचाच्या वर पंधरा दिवसांत अवघा दोनदा चढला होता. वही मिटून दादा मला म्हणाले, “म्हणजे मला भूक लागतच नाही की काय?” सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला स्वतःच्या देहातल्या सर्वांत जुन्या संवेदनेविषयी असा प्रश्न पडावा, याने मी अस्वस्थ झालो. भूक म्हणजे काय, ती कोठून उठते, कशाने शमते आणि तिच्याशी माणसाने कसे वागावे, या प्रश्नांवर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे संशोधन झाले आणि आपल्याकडे त्यापूर्वी कित्येक शतके जो विचार झाला, त्याचा मला जमेल तेवढा धांडोळा मी त्यानंतर घेतला. त्याचा हा आढावा.

आरंभी आपल्या भाषेची साक्ष घेतली पाहिजे, कारण या विषयातली पुष्कळशी सूक्ष्म विवेकबुद्धी मराठीने आपल्या शब्दांत पूर्वीच साठवून ठेवलेली आहे. भूक निराळी आणि वखवख निराळी. पोटात कावळे ओरडणे निराळे आणि उगाच तोंड चाळवावेसे वाटणे निराळे. आजाऱ्याची अन्नावरची वासना उडते, तेव्हा त्याला अन्नाची गरज नसते असे नव्हे, केवळ इच्छा नसते. उलट लग्नाच्या पंगतीत तुडुंब जेवलेल्या माणसाला जिलबीचे ताट समोरून जाताना जी इच्छा होते, तिच्यात गरजेचा अंशही नसतो. भूकमोड म्हणजे खऱ्या जेवणाला वेळ आहे म्हणून भुकेची धार तेवढी बोथट करणे. आणि वेळ टळून गेल्यावर ‘भूक मेली’ असे जे आपण म्हणतो, त्यात भूक भागल्याविनाही निघून जाते हे निरीक्षण नोंदलेले आहे. ज्या माणसाला हे सगळे शब्द आपापल्या जागी वापरता येतात, त्याला आपल्या पोटाची खबर ठेवण्याचे अर्धे साधन वडिलोपार्जित मिळालेले आहे. दादांची अडचण अशी की शब्द अवगत होते, परंतु वर्षानुवर्षे त्यांचा वापर करण्याची वेळच आली नव्हती, कारण भूक दाराशी येण्यापूर्वीच तिच्यासाठी ताट मांडलेले असे.

शास्त्रज्ञांनी भुकेचा शोध पोटात घेण्यास प्रारंभ केला हे स्वाभाविकच होते. १९१२ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन यांच्या सांगण्यावरून वॉशबर्न नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने रबराचा एक लहानसा फुगा नळीसकट गिळून तो जठरात राहू देण्याचा सराव केला. फुगा हवेने भरलेला असल्यामुळे जठर आकुंचन पावले की नळीच्या दुसऱ्या टोकाला जोडलेल्या यंत्रावर रेघ उठे, आणि भुकेची कळ जाणवली की वॉशबर्न हातातली कळ दाबून त्याची स्वतंत्र खूण करी. दोन्ही रेघा जुळल्या, आणि भूक म्हणजे रिकाम्या जठराचे आकुंचन असा निवाडा देण्यात आला. परंतु तो टिकला नाही. व्याधीमुळे ज्यांचे संपूर्ण जठर शस्त्रक्रियेने काढून टाकावे लागले होते अशा रुग्णांनाही भूक लागते, ही गोष्ट १९३१च्या सुमारास वैद्यकाच्या वाङ्मयात नोंदली गेली, आणि पोटाची मिरासदारी संपून प्रकरण मेंदूकडे वर्ग झाले. १९४० साली हेदरिंग्टन आणि रॅन्सन या दोघांनी उंदरांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील एका नेमक्या जागी इजा केली, तेव्हा ते उंदीर फुगत जाऊन अवाढव्य झाले; आणि १९५१ साली येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासमवेत काम करणाऱ्या डॉ. बाळकृष्ण आनंद या भारतीय शास्त्रज्ञाने त्याच भागाच्या बाजूच्या एका इवल्याशा ठिकाणी इजा केली असता प्राणी अन्नाकडे ढुंकूनही पाहीनासे होतात, समोर अन्न असताना उपाशी राहून मरतात, असे दाखवून दिले. हेच आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. भुकेच्या शास्त्राच्या या एका महत्त्वाच्या पानावर आपल्या देशातल्या माणसाचे नाव आहे, आणि तरीही आपल्या शालेय पुस्तकांतून ते क्वचितच आढळते, याची मला खंत वाटते.

मेंदूत भुकेचे ठाणे आहे हे ठरले. पण त्या ठाण्याला बातमी कोण पोचवतो, हा प्रश्न सुटायला आणखी चार दशके लागली. अमेरिकेतल्या बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत एक आनुवंशिकतेनेच अतिस्थूल होणारी अशी उंदरांची जात आढळली होती. डग्लस कोलमन यांनी अशा उंदराचे रक्ताभिसरण निरोगी उंदराच्या रक्ताभिसरणाशी जोडले, तेव्हा स्थूल उंदराचे खाणे आपसूक कमी झाले. याचा अर्थ निरोगी उंदराच्या रक्तात भूक आवरणारे काहीतरी होते आणि स्थूल उंदरात त्याचा अभाव होता. ते ‘काहीतरी’ म्हणजे लेप्टिन हे संप्रेरक, असे १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांनी निश्चित केले. ते निर्माण होते चरबीत. ज्या चरबीला आपण आजवर मुकी कोठी समजत होतो, ती मेंदूला शिलकीचा हिशेब नित्य कळवीत असते, हे या शोधाचे खरे मर्म होय. पाठोपाठ १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना जठरात निर्माण होणारे आणि भूक चेतवणारे घ्रेलिन सापडले. जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी रक्तातले घ्रेलिन चढते, जेवल्यावर उतरते, आणि विशेष म्हणजे जेवण चुकले तरी वेळ टळल्यावर ते पुष्कळसे आपोआप ओसरते. ‘भूक मेली’ या आपल्या वाक्प्रचाराचा अर्थ रक्ताच्या तपासणीत असा उमटलेला पाहून मला फार आनंद झाला. यांखेरीज अन्न आतड्यांत उतरताच तेथून निघणारी तृप्तीची अनेक संप्रेरके आहेत, आणि त्यांचा अंमल बसण्यास काही मिनिटे जावी लागतात. घाईघाईने जेवणारा माणूस तृप्तीची वर्दी येण्यापूर्वीच दुसरी वाढणी संपवून मोकळा होतो, त्याचे कारण हे आहे.

या सर्व शोधांपेक्षाही ज्या एका प्रयोगाने मला दीर्घकाळ विचार करायला लावले, तो प्रयोगशाळेतल्या उंदरांवरचा नसून माणसांवरचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातल्या उपासमारीने गांजलेल्या जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे हे ठरवण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी छत्तीस तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिलेले, धट्टेकट्टे आणि स्वेच्छेने पुढे आलेले असे हे तरुण होते. चोवीस आठवडे त्यांना नेहमीच्या जवळजवळ निम्म्या आहारावर, म्हणजे दिवसाला सुमारे सोळाशे कॅलरींवर ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, ते थंडीने कुडकुडू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. परंतु सर्वांत विलक्षण पालट त्यांच्या मनात झाला. ज्यांनी पूर्वी स्वयंपाकघरात पाऊलही टाकले नव्हते असे तरुण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ते ताटे चाटून पुसून स्वच्छ करीत, एका जेवणाला तासतास लावीत. स्वप्नातही अन्न दिसे. आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर काय झाले? पोट तट्ट फुगेपर्यंत जेवूनही कित्येकांची भूक शमेना. आठवडे लोटले तरी ते अतोनात खात राहिले. कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्वाचा वृत्तांत १९५० साली दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केला. तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करणाऱ्या त्या तरुणांना निश्चयाचे बळ कमी होते असे कोण म्हणेल? तरीसुद्धा आपल्याकडे घरोघर स्थूल माणसाला, आणि त्यातही स्थूल मुलीला, ‘तोंडावर ताबा नाही’ असे बिनदिक्कत ऐकवले जाते. २०११ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, कडक आहाराने वजन उतरवलेल्या माणसांमध्ये भूक वाढवणारी संप्रेरके वर्ष उलटून गेल्यावरही चढलेलीच होती. शरीर उपासमारीची फिर्याद दाखल करते आणि ती सहजासहजी मागे घेत नाही. म्हणून एकदम निम्म्या अन्नावर येण्याचा, महिन्याभरात दहा किलो उतरवण्याचा जो जो उपाय आहे, तो भुकेला शिस्त लावीत नाही, तिला बिथरवतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आता आपल्याकडच्या विचाराकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत मलमूत्र, शिंक, जांभई, निद्रा यांच्या पंक्तीला क्षुधेची गणना केलेली आहे. भूक मारल्याने कृशता, दौर्बल्य, अंगदुखी, अरुची आणि भोवळ उत्पन्न होते आणि अशा वेळी स्निग्ध, उष्ण व हलके असे थोडे अन्न घ्यावे, असे तेथे म्हटले आहे. याच अध्यायात थोड्या पुढे जे वेग अवश्य आवरावेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत पहिला आहे लोभ. भूक अडवू नये आणि लोभ अडवावा, हे दोन आदेश एकाच अध्यायात काही श्लोकांच्या अंतराने यावेत, याहून नेमका विवेक मला अन्यत्र कोठे आढळला नाही. विमानस्थानात कुक्षीचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वात-पित्त-कफांच्या संचाराला मोकळा ठेवावा असे सांगितले आहे. आधीचे अन्न जिरण्यापूर्वी पुन्हा खाणे याला अध्यशन अशी संज्ञा देऊन त्याचा दोषांत अंतर्भाव केला आहे. दादांची वही ही अध्यशनाची तंतोतंत रोजनिशी होती. जैनांच्या बाह्य तपांत ऊनोदरी म्हणून जे तप आहे, त्यात उपवास नसून भुकेपेक्षा काही घास कमी खाणे आहे, आणि जाणत्यांच्या मते ते निरंकार उपवासाहून सोपे नाही. आयुर्वेदातील अग्नीची, म्हणजे पचनशक्तीची, संकल्पना म्हणजेच आजची संप्रेरके असे समीकरण मांडण्याच्या मोहात मात्र मी पडणार नाही. दोन शास्त्रांची परिभाषा आणि पुराव्याची रीत भिन्न आहे. परंतु भुकेला मान द्यावा, तिची वाट पाहावी आणि तिच्या नावावर येणाऱ्या लोभाला ओळखावे, हा व्यवहार दोन्ही ठिकाणी एकच निघतो.

महाराष्ट्रात या विषयाला गेल्या काही वर्षांत जे अपूर्व लोकप्रियत्व लाभले, त्याचे श्रेय एका वादाला आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा धागा पकडून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी असे प्रतिपादन केले की, खरी कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा ओळखाव्यात, दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत आटोपावे आणि मध्ये साखर-दुधाचा चहादेखील घेऊ नये. उलट ऋजुता दिवेकर यांनी आपल्या २००९ सालच्या गाजलेल्या पुस्तकात थोडे थोडे आणि दर दोन तासांनी खाण्याचा पुरस्कार केला होता. घराघरांत दोन पक्ष पडले. बँकेत, रेल्वेच्या डब्यात, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर याच विषयाचा खल चाले. पुराव्याच्या कसोटीला लावले असता काय निष्पन्न होते? एकूण अन्न तेवढेच राहिले तर ते दोन खेपांत घेतले काय किंवा सहा खेपांत घेतले काय, शरीराच्या ऊर्जेच्या खर्चात काही लक्षणीय फरक पडत नाही, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात दिसून आले. २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या चाचणीत दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या आणि एका गटाला ते अन्न दिवसातल्या आठ तासांतच घेण्याचे बंधन घातले. त्या गटाचे वजन सुमारे आठ किलो उतरले व दुसऱ्याचे सहा किलोंहून थोडे अधिक, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक ठरला नाही. तेव्हा मोजदाद जेवणांच्या संख्येची नाही. दोनदा जेवण्याच्या व्रताने ज्यांना लाभ झाला, आणि असे पुष्कळ लोक माझ्या परिचयाचे आहेत, त्यांना तो बहुधा मधला चहा, बिस्किटे, फरसाण आणि आग्रहाचे पेढे एका फटक्यात बंद झाल्यामुळे झाला. कोणी काही पुढे केले तर ‘माझे दोनदाच’ हे उत्तर त्यांना मिळाले, आणि आपल्या समाजात नकार देण्याला असे एखादे सबळ कारण लागतेच. ज्यांचे काम अंगमेहनतीचे आहे किंवा ज्यांना दोन जेवणांतल्या अंतराने हात थरथरून घाम फुटतो, त्यांच्यासाठी ते व्रत नव्हे. विशेषतः इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याला अचानक लागलेली, कापऱ्याची आणि घामाची भूक ही धोक्याची सूचना असते; तिला धीर धरायला न सांगता तत्काळ साखर दिली पाहिजे.

आहाराचे तास ठरवण्यापेक्षा आहाराची जात ठरवणे अधिक फलदायी आहे, असे मला वाटू लागले ते सिडनी विद्यापीठातल्या एका साध्यासुध्या प्रयोगामुळे. १९९५ साली सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडतीस पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरींच्या मापाने लोकांना खाऊ घातले आणि पुढचे दोन तास पोट कितपत भरल्यासारखे वाटते ते विचारून नोंदले. पांढऱ्या पावाला शंभर गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले आणि लोण्याच्या पापुद्र्याच्या क्रोसाँला अवघे ४७. ज्या बटाट्याला आपण वजन वाढवणारा म्हणून दूषण देतो, तो नुसता उकडलेला असता तृप्तीत सर्वांच्या पुढे होता. त्यालाच तळून, पावात घालून, दोन मिनिटांत उभ्या उभ्या खाल्ले की हिशेब बदलतो. २०१९ साली अमेरिकेत केविन हॉल यांनी वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेले, अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखे साधे अन्न हवे तितके खाण्याची मुभा दिली. ताटात मांडलेल्या अन्नातील साखर, स्निग्धांश, तंतू सारखे ठेवले होते, तरी पहिल्या प्रकारात माणसे दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी अधिक खात होती. पाणी, तंतू, प्रथिने आणि चावण्याचे श्रम ज्या अन्नात आहेत, ते भुकेशी प्रामाणिकपणे वागते. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, वाटीभर ताक आणि कच्चा कांदा हे ताट या कसोटीवर उतरते, आणि त्याचा आस्वाद सावकाश घ्यावाच लागतो, कारण भाकरी घाईने गिळता येत नाही. याउलट आमच्या एकादशीचे पाहा. साबुदाणा म्हणजे कसावा या कंदातून काढलेले निव्वळ पिठूळ सत्त्व. त्यात प्रथिने आणि तंतू जवळजवळ नाहीत. शेंगदाण्याचे कूट त्याची थोडी भरपाई करते हे खरे, पण तुपात परतलेली वाटीभर खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि साखरेचे दही घेतलेल्या मनुष्याला दुपारी तीनला पुन्हा खाय खाय सुटते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीत माणसाला दोष दिलेला आहे. माझ्या मते निम्मा दोष पदार्थाचा आहे. त्याच दिवशी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि उकडलेले रताळे खाणाऱ्या वृद्धांना मी संध्याकाळपर्यंत शांतपणे पोथी वाचताना पाहिले आहे.

पोटाबाहेरही भुकेची किती सूत्रे हलतात, हे थोडक्यात सांगतो. घंटा वाजताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटवणारे पावलॉव्ह सर्वांना ठाऊक आहेत. कचेरीतला चारचा चहावाला दाराशी येताच जी भूक लागते, ती त्याच जातीची. १९९८ साली पॉल रोझिन यांनी नव्या घटनांची स्मृती टिकत नसलेल्या दोन रुग्णांना जेवणानंतर काही मिनिटांतच पुन्हा भरलेले ताट दिले, तेव्हा त्यांनी ते जेवण नव्याने घेतले, कारण आपण जेवलो हेच त्यांना आठवत नव्हते. तृप्ती ही अंशतः आठवण आहे. दूरदर्शन संच किंवा मोबाईल यांच्यासमोर घेतलेल्या जेवणाची आठवण अंधुक राहते आणि थोड्याच वेळात हात पुन्हा डब्याकडे जातो. बोलत, हसत बसू नये, अन्नात मन ठेवून जेवावे या चरकाच्या आज्ञेला यापलीकडे समर्थन नको. झोपेचे तर विचारूच नये. शिकागोमध्ये २००४ साली बारा तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे लेप्टिन उतरले, घ्रेलिन चढले आणि त्यांनी सांगितलेली भूक सुमारे चोवीस टक्क्यांनी वाढली, तीही मुख्यतः गोड आणि पिष्टमय पदार्थांची. रात्रपाळीच्या कामगाराने पहाटे गाडीवरचा समोसा खाल्ला तर त्याला उपदेश करण्याऐवजी त्याच्या झोपेची चौकशी करावी.

आणि आता सुया आल्या आहेत. आतड्यातील तृप्तीच्या संप्रेरकाची नक्कल करणारी सेमाग्लुटाइड व तिर्झेपॅटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शने २०२५ साली आपल्या बाजारात दाखल झाली. ती घेणारे लोक सांगतात की, डोक्यात दिवसभर चालणारा अन्नाचा घोष एकाएकी थांबला. स्थूलता हा चारित्र्याचा दोष नाही याचा इतका रोकडा पुरावा पूर्वी कधी मिळाला नव्हता, म्हणून या औषधांकडे मी कृतज्ञतेने पाहतो. परंतु ती थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत येते असे सेमाग्लुटाइडच्या चाचणीत दिसले आहे. चरबीबरोबर स्नायूही झडतात. आणि बाजारात आली त्या वेळी त्यांचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला नव्हता. ज्याला खरोखर आवश्यकता आहे त्याने ती वैद्याच्या देखरेखीखाली अवश्य घ्यावीत. लग्नापूर्वी चार किलो उतरवण्यासाठी ती घेऊ नयेत.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, आणि त्याचे आकलन पुण्यातून झाले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक एकच, २२.३, परंतु युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींच्या अभ्यासातून याज्ञिकांनी दाखवले की, आपली बाळे वजनाने हलकी पण चरबीने तुलनेने भारी अशीच जन्माला येतात. गर्भात आलेला अन्नाचा तुटवडा देह विसरत नाही. आईची अपुरी भागलेली भूक मुलाच्या पन्नाशीत मधुमेह होऊन उभी राहू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले खुरटलेली आढळली, आणि स्त्रियांपैकी सुमारे एक पंचमांश प्रमाणाबाहेर कृश तर त्याहून थोड्या अधिक प्रमाणाबाहेर स्थूल होत्या. एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच चाळीत आणि कधीकधी एकाच घरात हे दोन्ही नांदते. भूक आवरण्याचा विचार सांगताना ज्यांची भूक भागलेलीच नाही ती माणसे दृष्टीआड होऊ देणे मला अक्षम्य वाटते.

दादांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने सकाळची बिस्किटे आणि निजतानाचा लाडू सोडला, पोह्यांऐवजी मुगाचे धिरडे धरले, रात्रीचे जेवण साडेसातवर आणले. तीन महिन्यांत त्यांच्या वहीत जेवणासमोर सहा आणि सात हे आकडे दिसू लागले, आणि भूक लागल्याचे ते लहान मुलाच्या उत्साहाने सांगू लागले. वहीची अर्धी पाने उरली होती. एके दिवशी त्यांनी ती सहज वहिनींपुढे सरकवली आणि म्हणाले, “तूही आठवडाभर लिही.” वहिनींनी पेन्सिलीने लिहिले. सकाळी साडेनऊ, भूक सहा, काही नाही, नातवाचा डबा भरायचा होता. साडेअकरा, भूक आठ, अर्धा कप चहा. साडेबारा, भूक आठ, यांना गरम पोळ्या वाढत होते. सव्वादोन, भूक नाही, जेवण: पोळ्या दोन, भाजी संपली होती, लोणचे. पुढच्या सहा पानांवर वेळा थोड्या मागेपुढे होत्या, बाकी मजकूर तोच. दादांनी ते सगळे वाचले, आणि वही टेबलावर उघडीच राहू दिली. आता त्यांच्या घरी साडेबाराला दोन पाने घेतात. पोळ्या आधी करून डब्यात ठेवलेल्या असतात, जेवेपर्यंत त्या निवतात, आणि भाजीचे भांडे दोघांच्या मध्ये असते.